घटाला घातलेले पाणी

ता. ४ ऑक्टोबर १९५३, रविवार

मुन्शीजींच्या सांगण्यावरून आजपासून रोज दहा ओळी मराठीत लिहायच्या. माझे शिक्षण उर्दूत, सातवीपर्यंत. निजामाच्या काळात तेवढ्यावर औरादच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिता येत. आता, ज्यांच्या शेजारी बसून मी अर्ज लिहितो ते जुने अर्जनवीस मुन्शी दस्तगीरमियाँ म्हणतात, "अरे शिवशरन, मेरी उर्दू मेरे साथ कबर में जाती. तू मराठी पक्की कर. कन्नड बी सीख. कल कचेरी में कौन बैठता, किसे मालूम." म्हणून ही वही. चुकीचे लिहायचे नाही आणि खोटे लिहायचे नाही, असे दोन नियम स्वतःला घालून घेतले आहेत.

आमचे गाव औरादपासून दोन कोस. घरात मी आणि निलम्मा, दोघेच. आई वारली त्याला तीन वर्षे झाली. निलाचे माहेर चिटगुप्प्याचे.

आज निलाला कांद्याच्या फोडणीचा वास सहन झाला नाही. चुलीपुढून उठून परसात गेली. कांदा जुना झाला असावा. नवा आणला पाहिजे.

ता. ७, बुधवार

कांदा नवा आणला. तरी तेच.

शिवाय निला दुपारी झोपते, हे तिच्या स्वभावात नाही. काल ती भिंतीची पांढरी माती नखाने काढून खाताना दिसली. विचारले तर म्हणाली, "नुस्ती चव बघायलेय." मला हिवतापाची शंका आली म्हणून दवाखान्यातून कोयनेलच्या चार गोळ्या आणल्या. तिने पुडी उघडून बघितली आणि सरळ उकिरड्यावर टाकली.

"अय्यो, हिवताप न्हाई हा."

"मग काय आहे?"

ती हसली आणि जात्यावर जाऊन बसली.

मला हसू येत नाही. गेल्या साली ती माहेरी असताना दोन महिन्यांचे पोटातले गेले. सासऱ्यांच्या पोस्टकार्डात त्याची एकच ओळ होती. ती आल्यावर मीही काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. तेव्हापासून तिच्या प्रकृतीची मला फार धास्ती वाटते.

ता. ९, शुक्रवार

आज भवानीच्या देवळात घट बसला. पत्रावळीवर काळी माती पसरतात, तिच्यात पाच धान्ये पेरतात आणि मध्ये पाण्याने भरलेला घट ठेवतात. दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर वाढते. देवळाची पूजा शेजारच्या सोजराबाईंकडे आहे. त्यांना मूलबाळ नाही. यजमान वारल्यापासून त्या दीर आप्पाराव आणि आप्पारावांची सून सुमनबाई यांच्या घरात राहतात. मी त्यांना सोजरामाय म्हणतो. आई गेल्यावर माझे लग्न होईपर्यंत रोजची भाकरी त्यांच्याच घरून भिंतीवरून येत होती.

आम्ही लिंगवंत, म्हणजे लिंगायत; गळ्यात लिंग बांधतो. आमच्यात घट बसवत नाहीत. पण निलाला घटाचे फार कौतुक. सोजरामाय माती पसरत होत्या तेव्हा ती पायरीवर बसून बघत राहिली.

ता. ११, रविवार

सोजरामायला थंडी वाजून ताप आला. हा मात्र खरा हिवताप. सुमनबाई नेमकी बाहेरची, म्हणजे चार दिवस गोठ्याकडे बाजूला बसलेली. तेव्हा सोजरामायने भिंतीपलीकडून हाक मारली, "निले, माझ्या घटाला सकाळ-संध्याकाळ पानी घाल गं. दिव्याला तेल घाल. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा न्हाई."

निलाला इतका आनंद झाला की भाकरी तव्यावर करपली. लगेच आंघोळ करून, केस धुऊन देवळात गेली. सकाळी तीन तांबे पाणी घातले, संध्याकाळी तीन. म्हणाली, "बारकी रोपं हायत, तहान लई लागत आसल."

ता. १३, मंगळवार

आज भिंतीपाशी जे ऐकले त्याची काळजी लागली आहे. सुमनबाई गोठ्याच्या दारातून आणि निला आमच्या परसातून बोलत होत्या.

"व्हय गं निलाक्का, तुमच्यात बाजूला बसत न्हाईत म्हनं, खरं का?"

"न्हाई बसत. अंगावर लिंग हाय न्हवं. लिंगाला इटाळ न्हाई."

"आन पूजा?"

"करतो की. त्या दिसातबी करतो."

"अगं बया! सैपाकबी?"

"सैपाकबी."

"मग तुमचं मरनच हाय बाई. आमाला निदान चार दिस भाकरी आयती मिळती."

दोघी हसल्या. गावात असे मोठ्याने बोलू नये. माझी आई लिंगवंत असूनही या गावात बाजूला बसत असे. म्हणायची, शेजाऱ्याला बोट दाखवायला जागा ठेवू नये. लग्नानंतर मी निलाला तसे सुचवले होते. तिने विचारले, "आत्यांच्या गळ्यात लिंग न्हवतं का?" आत्या म्हणजे माझी आई. आई चुकत होती असे लिहायला हात धजत नाही, आणि निला चुकते आहे असेही मला वाटत नाही.

ता. १५, गुरुवार

घटाची रोपे आडवी झाली. मुळाशी काळी पडली, वासही येतो. सकाळी आप्पारावांनी पाहिले आणि दुपारपर्यंत गावभर झाले की विटाळ झाला. कोणाचा, हे विचारायलाही लोक थांबले नाहीत. सुमनबाईने गंमत म्हणून घरात सांगितलेले बोलणे आता पुरावा झाले आहे.

संध्याकाळी आप्पाराव दारात उभे राहिले. आत या म्हटले तर आले नाहीत. लहानपणी यांच्याच बैलगाडीतून मी शाळेला गेलो आहे.

"शिवशरणा, तुझ्याशी माझं भांडन न्हाई. पर देवीचा घट बाटला. दसऱ्याला तुझ्या बायकोनं पायरीवर डोकं ठेवून 'माझा इटाळ झाला, चुकलं' म्हनावं. आमी गोमूत्र शिपडून मोकळं व्हतो. न्हाई म्हनली तर कोर्टाच्या सुट्ट्या संपल्या की मी कोर्टात जानार."

निला आतून म्हणाली, "मी कायबी बाटवलं न्हाई."

"बघ बाबा," आप्पाराव म्हणाले आणि गेले.

रोपे कशाने गेली याचा मी रात्रीपर्यंत विचार केला. बियाणे किडके असावे, किंवा देवळात उंदीर फिरले असावेत. पाणी कमी पडले म्हणावे तर निलाने दिवसाला सहा तांबे घातले आहेत.

ता. १६, शुक्रवार

आप्पाराव माझ्याआधी मुन्शीजींकडे पोचले होते. अर्ज सांगून गेले होते आणि मुन्शीजींनी तो लिहूनही ठेवला होता. मला वाईट वाटले. मुन्शीजी म्हणाले, "मैं नै लिखता तो दूसरा लिखता. मेरे हाथ का है तो मेरे पास है." अर्जात शेवटी एक रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला होता: फिर्यादीस ही माहिती कशी व कोणाकडून समजली. मी म्हटले, हा भरायचा राहिला. ते म्हणाले, "राहने दे."

मग त्यांनी दंडविधानाचे कलम वाचून दाखवले. गावात विटाळ म्हटले की कोण होता आणि कोणता दिवस होता एवढेच विचारतात. कायद्याचे तसे नाही. मुन्शीजींनी बोटांवर मोजून सांगितले, "तीन बातां होना. लोगां की पाक चीज थी क्या. उसकू सच में नापाक किया क्या. और करने वाले के दिल में क्या था. दिल में बेइज्जती नै, तो गुन्हा नै."

मला धीर आला. पण मी कलम पुन्हा वाचले. पुढे लिहिले आहे की हेतू नसला तरी, लोकांना हा अपमान वाटेल हे माहीत असून केले, तरीही गुन्हाच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. इथले लोक त्या दिवसांत देवळात जात नाहीत हे निलाला माहीत होते. सुमनबाई ती साक्ष देऊ शकते.

एकच वाट उरते. मी कागद ओढून निलाच्या वतीने जबाब लिहिला: "सदर दिवशी मी बाहेरची नव्हते, सबब विटाळाचा प्रश्नच उद्भवत नाही."

मुन्शीजींनी वाचून घेतला. "सच है?"

"माहीत नाही."

"घरवाली तेरी, और तेरे कू मालूम नै?"

"आमच्यात बाजूला बसत नाहीत. मग कळणार कसे?"

मुन्शीजी इतके हसले की चष्मा मांडीवर पडला. "तो पूछ ना मियाँ! पूछने कू भी अर्जनवीस होना क्या तेरे कू?"

ता. १७, शनिवार

आज तीनदा विचारण्याचा प्रयत्न केला. पहिल्यांदा पंचांगाचा विषय काढला. तिने पंचांगच हातात आणून दिले. दुसऱ्यांदा म्हणालो, त्या रविवारी तू केस धुतलेस ना? ती म्हणाली, "धुतले. कामून? देवळात जायला नगं का धुवायला?" तिसऱ्यांदा नुसताच खाकरलो. खोटा जबाब लिहिल्याचे पाप, की खरे विचारण्याची लाज, यांत अडकून बसलो.

दुपारी सोजरामायने बोलावले. ताप उतरला होता, पण उठवत नव्हते. वाकळ गळ्यापर्यंत ओढून पडल्या होत्या.

"पानी किती घातलं रे तिनं?"

"सकाळी तीन तांबे, संध्याकाळी तीन."

सोजरामाय उठून बसल्या. "आगं आई गं! पत्रावळीएवढी माती ती! चूळभर पानी लागतंय तिला. माझा घट बुडवला की पोरीनं!" आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. मी पाठ चोळली. "इटाळ न्हाई आन फिटाळ न्हाई. कुजली रोपं."

"पण आप्पाराव काका म्हणतात, ती बाहेरची होती."

"कुठली बाहेरची? येड्या, तिला तिसरा म्हैना सरायलाय."

मी बघत राहिलो.

"आसा काय बघायलास? माती कोन खातं? दुपारचं कोन झोपतं? गेल्या साली गेलं म्हनून तिसरा सरूस्तोवर कुनालाच सांगायचं न्हाई म्हनली. तुलाबी न्हाई. तू जीव काढशील म्हनली. आता मी सांगितलं म्हनू नको."

घराकडे येताना मी चालत होतो की पळत होतो, आठवत नाही. कोयनेलने गर्भ पडतो म्हणतात; तिने त्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या नसत्या तर, हे मात्र भर रस्त्यात मनात आले.

निला तांदूळ निवडत होती. मी जवळ बसलो. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मायनं सांगितलं व्हय." मी मान हलवली. बराच वेळ आम्ही दोघांनी मिळून तांदूळ निवडले. मी खडे सोडून तांदूळच बाहेर टाकत होतो, ते तिने परत सुपात घेतले.

मग मी तिला आनंदाने जबाब वाचून दाखवला. आता तो खराही होता.

"खोडा ती वळ," ती म्हणाली.

"अगं, खरे आहे ते."

"खरं हाय म्हनून काय झालं? 'न्हवते' म्हनलं की, 'असते तर बाटला असता' हेबी लिवल्यावानीच हाय. असते तरी मी पानी घातलं असतं. मायनं सांगितलं हुतं."

"दोन वर्षांची शिक्षा आहे, निला. अशा दिवसांत."

"ठावं हाय."

"एका ओळीने सुटशील."

"मी सुटंन. लिंग खोटं पडंल."

मी तिला आईचे उदाहरण दिले. द्यायला नको होते. ती रागावली नाही. म्हणाली, "आत्यांनी सोसलं, ते लपून सोसलं. ते बरं हुतं म्हनायलाव का तुमी?"

मी ओळ खोडली. दोनदा खोडली, म्हणजे वाचता येऊ नये.

ता. १८, रविवार. दसरा

निला पायरीवर गेली नाही. संध्याकाळी सारे गाव एकमेकांना आपट्याची पाने देत फिरले. आमच्या दाराशी आवाज येत आणि पुढे जात. आम्ही एकमेकांना पाने दिली.

ता. २०, मंगळवार

उद्या कोर्ट उघडणार. आज पंचांनी देवळाच्या ओट्यावर शेवटचे बोलावले. मी निलाला येऊ नको म्हटले. ती आली. पदराखालून लिंग मुठीत धरले होते, हे मला दिसत होते.

आप्पारावांच्या हातात मुन्शीजींकडून मागून आणलेला तो अर्ज होता. त्यांच्या मागे, भिंतीआड, बायका उभ्या होत्या. सोजरामायला दोघांनी धरून आणले. वाकळ पांघरूनच त्या खांबाला टेकून बसल्या.

"भाऊजी, घट माझा. पान्यानं कुजला. मी सांगायलेय."

"वैनी, पानी कुनाच्या हातचं, त्येचाच तर सवाल हाय," आप्पाराव म्हणाले आणि निलाकडे वळले. त्यांचा आवाज खरेच मऊ होता. "पोरी, मला तुला कोर्टात न्यायची हौस न्हाई. फकस्त एवढं सांग, त्या दिशी तू बाहेरची व्हतीस का न्हवतीस. न्हवते म्हन, आत्ता कागद फाडतो."

सोजरामायने माझ्याकडे पाहिले. आम्ही तिघेच जाणत होतो. 'नव्हती' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी निलाचा नवरा आहे, मी सांगितले असते तर तिचाही दोष राहिला नसता, असे त्या क्षणी वाटले. हे इथे खरे लिहीत आहे.

निला म्हणाली, "ते तुमी इचारायचं न्हाई, काका. मायनं पानी घाल म्हनलं, मी घातलं. देवीची भक्ती केली. दुसरं माझ्या मनात कायबी न्हवतं."

"म्हंजी सांगत न्हाईस."

"न्हाई."

ओट्यावर कुजबुज झाली. आप्पाराव अर्जाची घडी घालू लागले आणि त्या घडीत मला तो कोरा रकाना दिसला. मुन्शीजींनी तो का सोडला होता, ते तेव्हा कळले. मी उभा राहिलो.

"काका, अर्ज अपुरा आहे. कोर्ट घेणार नाही."

"काय अपुरं हाय?"

"तुम्हाला हे कोणी सांगितले, ते लिहायचे आहे. पाहिले कोणी, कोणत्या दिवशी, कशावरून ओळखले. तुम्ही शपथेवर सांगायचे. ज्यांनी सांगितले त्यांनाही पिंजऱ्यात उभे राहून सांगावे लागेल. त्या कोणत्या दिवशी, का बाजूला बसल्या होत्या आणि निलाशी काय बोलल्या, हे समोरचा वकील त्यांना सगळ्या कचेरीपुढे विचारील. मी रोज ऐकतो, काका. तो हळू विचारत नाही. आणि जबाब लिहून घेणारा कारकून ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारतो."

आप्पारावांनी कागद उलटा केला, सुलटा केला. त्यांना वाचता येत नाही.

भिंतीआडून सुमनबाईचा आवाज आला. "मी न्हाई जानार कुठं. मला कायबी ठावं न्हाई. आमी हसत हुतो नुस्ते."

"तू गप गं," आप्पाराव म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. कान लाल झाले होते. आपल्या घरातल्या सुनेचे दिवस कचेरीत मोजले जातील, हे त्यांच्या डोक्यात आले नव्हते. निलाचे मोजायला निघाले तेव्हाही आले नव्हते.

ते उठले. कागद फाडला नाही, कोपरीच्या खिशात घातला. माझ्याजवळून जाताना थांबले. "तुझी आई बसायची बाजूला," एवढेच म्हणाले.

"हो," मी म्हटले. "ते मला आवडत नव्हते, हे तिला सांगायचे राहिले."

हे मी कसे बोललो, माहीत नाही. त्याआधी ते मला स्वतःलाही माहीत नव्हते.

ता. २४, शनिवार

कोर्ट उघडून चार दिवस झाले. आप्पाराव औरादला आले नाहीत. मुन्शीजींनी चौकशी केली. मी सर्व सांगितले. त्यांनी पानाचा डबा पुढे केला, तो आजवर कधी केला नव्हता.

गावात सगळे पूर्वीसारखे झाले असे नाही. काही बायका निला आली की विहिरीवरची घागर थोडी सरकवतात. सुमनबाई सरकवत नाही. आप्पाराव माझ्याशी बोलतात, पण बैलांकडे बघून.

आज संध्याकाळी निलाला विचारले, "खरेच गेली असतीस का तुरुंगात? एका शब्दासाठी?"

ती लिंगपूजा आटोपून भस्माचे बोट पुसत होती. "भ्या वाटत हुतं. लई वाटत हुतं. पर मुलगी झाली तर तिला काय सांगू? पोटात हुतीस म्हनून सुटले, न्हाईतर म्या बाटवलं असतं, असं?"

मला पटले. तरी माझा स्वभाव असा की दुसरी शंका लगेच येते. मी म्हटले, "आणि मुलगा झाला तर?"

"मग त्येला तुमी सांगायचं."